उंच आकाशासाठी घडविलेले विमान

सेनेच्या आयुष्यात प्रत्यक्ष लढाईचे दिवस थोडे असतात. उरलेला सारा काळ ती लढाईची तालीम करीत असते, आणि ही तालीम खऱ्या संग्रामाच्या जितकी जवळ जाईल तितकी ती फलदायी ठरते, हा सर्व देशांच्या सेनापतींचा अनुभव आहे. मात्र त्याच मानाने संग्रामाची जोखीमही तिच्यात शिरते. शत्रूने एकही गोळी झाडलेली नसताना, शांततेच्या काळात आणि बहुधा स्वतःच्याच देशाच्या भूमीवर जे सैनिक अशा सरावात प्राणास मुकतात, त्यांची वास्तपुस्त जग फारशी घेत नाही. वर्तमानपत्रांत दोन दिवस बातमी येते, चौकशी मंडळ नेमले जाते, त्याचा अहवाल दफ्तरात रुजू होतो आणि पुढे मृतांच्या आप्तांखेरीज त्या घटनेची याद कोणासही राहत नाही. परंतु विमानविद्येच्या इतिहासाकडे बारकाईने पाहिले, तर तिने मिळविलेल्या ज्ञानाचा फार मोठा हिस्सा अशाच विसरल्या गेलेल्या अपघातांतून आलेला आहे असे आढळून येते. या प्रकरणात ज्या अपघाताची हकीकत सांगावयाची आहे तो याच जातीचा असून, यंत्र आणि त्याला नेमून दिलेले काम यांचा मेळ बिघडला म्हणजे काय अनर्थ ओढवतो याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

दिनांक २४ जानेवारी १९६३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातील एलिफंट नावाच्या पर्वतावर अमेरिकन वायुदलाचे एक बी-५२ जातीचे बॉम्बफेकी विमान कोसळले. विमानात नऊ असामी होत्या. त्यांपैकी सात मरण पावल्या आणि दोन आश्चर्यकारक रीतीने वाचल्या. विमानात बॉम्ब नव्हते, इंजिने व्यवस्थित चालत होती, वैमानिक अनुभवी होता, आणि मार्ग आदल्या दिवशी तासन्‌तास मसलत करून आखलेला होता. असे असूनही ते पडले. का पडले, हे समजण्यासाठी आधी त्या विमानाची घडण, मग त्याच्यावर सोपविलेली नवी कामगिरी आणि शेवटी डोंगराळ मुलखातील हिवाळी वाऱ्याचा स्वभाव, असा तिहेरी विचार करावा लागतो.

१

बोइंग कंपनीने घडविलेले बी-५२ हे विमान १५ एप्रिल १९५२ रोजी प्रथम आकाशात उडाले आणि १९५५ पासून ते अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांड या दलाच्या दिमतीस आले. अणुबॉम्ब घेऊन हजारो मैल दूर असलेल्या रशियाच्या अंतर्भागापर्यंत जाणे हे या दलाचे मुख्य कार्य होते आणि त्यासाठीच या प्रचंड यंत्राची योजना झाली होती. त्याच्या पंखांचा विस्तार १८५ फूट, म्हणजे सुमारे ५६ मीटर. पंखांखाली जोडीजोडीने टांगलेली आठ जेट इंजिने. आणि संपूर्ण भारासह वजन दोन लाख किलोग्रॅमच्या घरात. आरंभीच्या आवृत्त्यांत, ज्यांत आपल्या कथेतील ‘सी’ आवृत्तीही येते, शेपटीवरील उभे पाते इतके उंच होते की त्याचा माथा जमिनीपासून ४८ फुटांवर पोहोचे. ही उंची विमानशाळांच्या दरवाजांत मावेना, म्हणून हे पाते तळाशी बिजागरी बसवून एका अंगाला आडवे करता येईल अशी तजवीज रचनाकारांनी करून ठेवली होती. वाचकांनी हे उभे पाते ध्यानात ठेवावे. पुढील सर्व कथा त्याच्याभोवती फिरणारी आहे.

या उभ्या पात्याचे काम काय? विमानाचे नाक ज्या दिशेला आहे त्याच दिशेला ते सरळ चालत राहावे, वाऱ्याच्या आडव्या फटक्याने ते भलत्या अंगाला वळू लागल्यास त्याला पुन्हा रेषेवर आणावे, हे त्याचे प्रमुख कार्य. आडवा वारा आला की त्याचा सारा दाब या विस्तीर्ण पृष्ठभागावर पडतो आणि तो दाब पात्याच्या मुळाशी, जेथे ते विमानाच्या अंगाला जोडलेले असते तेथे, एकवटतो. पाते जितके उंच तितका मुळावरील ताण अधिक. हे सर्व गणित रचनाकारांना अर्थातच अवगत होते, आणि त्यांनी ते ४० हजार फुटांहून उंच, विरळ हवेत उडणाऱ्या विमानाच्या हिशेबाने मांडले होते. त्या उंचीवर हवेची घनता जमिनीलगतच्या हवेच्या चतुर्थांशाच्या आसपास असते आणि जमिनीवरील डोंगरदऱ्यांमुळे उठणारी खळबळ तेथवर क्वचित पोहोचते. तेथील प्रवास बहुतांशी शांत असतो, आणि त्या शांततेला पुरेल इतके बळ, शिवाय सुरक्षिततेसाठी थोडे जास्त, असे त्या विमानाच्या अंगी घातलेले होते. विमानात वाढविलेले प्रत्येक किलो इंधनाच्या आणि पल्ल्याच्या हिशेबातून वजा होत असल्यामुळे, निष्कारण बळकटी देण्याची चैन कोणत्याही विमानरचनाकाराला परवडत नाही.

२

उंच आकाश हे सुरक्षित आकाश होय, या समजुतीवर १९५० च्या दशकातील सर्व बॉम्बफेकी विमानांची रचना आधारलेली होती. ती समजूत १ मे १९६० रोजी पुरती ढासळली. त्या दिवशी गॅरी पॉवर्स या वैमानिकाचे यू-२ जातीचे अमेरिकन हेरविमान रशियातील स्वेर्दलोव्स्क शहराजवळ, सुमारे ७० हजार फुटांवरून उडत असताना, जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडण्यात आले. ज्या उंचीवर कोणी पोहोचणार नाही असा भरवसा होता तेथे रशियन क्षेपणास्त्र पोहोचले. त्याहून बऱ्याच कमी उंचीवरून, अवाढव्य देह घेऊन चालणाऱ्या बी-५२ ची मग काय कथा?

हा धोका येणार याची कुणकुण वायुदलाला त्याआधीच लागली होती आणि १९५९ पासूनच बी-५२ विमानांत नवी यंत्रसामग्री बसविण्याचे काम हाती घेतलेले होते. त्यामागची कल्पना तशी साधी होती. रडारचे किरण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. म्हणून अगदी खालून उडणारे विमान क्षितिजाच्या आड राहते, डोंगराच्या पलीकडून गेल्यास डोंगरच त्याला आडोसा देतो, आणि शत्रूच्या रडारला ते दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तेव्हा शत्रूच्या मुलखात शिरताना विमानाने ४० हजार फुटांवरून खाली उतरावे, जमिनीपासून अवघ्या ५०० फुटांवर, म्हणजे दीडशे मीटरवर यावे, आणि समोरचा उंचसखल भूभाग दाखविणाऱ्या विशेष रडारच्या साहाय्याने टेकड्या चुकवीत लक्ष्यापर्यंत जावे, असा नवा शिरस्ता ठरला.

युद्धशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु या निर्णयाबरोबर विमानाचे सारे जगच बदलले. विरळ व शांत हवेसाठी जन्मलेले यंत्र दाट आणि अस्वस्थ हवेत आले. जे धक्के त्याला वर्षाकाठी थोडेच सोसावे लागत ते आता तासातासाला बसू लागले. धातूला वारंवार ताण बसला म्हणजे तो हळूहळू थकतो, त्यात बारीक भेगा पडतात, आणि खालच्या उड्डाणांत हा थकवा कित्येक पटींनी लवकर येतो, हे पुढे निर्विवाद सिद्ध झाले. मात्र थकव्याहून अधिक भयंकर असा एक धोका होता: अगदी धडधाकट पात्यालाही एकाच फटक्यात उपटून काढील असा वारा.

३

‘वाईट हवामान’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळे ढग, मुसळधार पाऊस, धुके आणि विजांचा कडकडाट उभा राहतो. वैमानिकाला या सर्वांची भीती असते हे खरे; परंतु ही संकटे निदान दिसतात तरी. ज्या हवेत ढगाचा टिपूसही नाही, दूरवरची शिखरे स्वच्छ दिसत आहेत, ती हवासुद्धा जीवघेणी असू शकते, ही गोष्ट विमानविद्येला पुष्कळ किंमत मोजून कळली. डोंगरांच्या रांगेवर जोराचा वारा काटकोनात आदळू लागला की तो चढून शिखरापलीकडे जातो आणि तेथून खाली कोसळतो. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडालेला धोंडा असला म्हणजे त्याच्या पलीकडे पाणी जसे खालीवर होत राहते आणि तळाशी भोवरे गरगरतात, तसेच या वाऱ्याचेही होते: शिखराच्या आडोशाच्या अंगाला हवेच्या मोठमोठ्या लाटा उठतात आणि त्यांच्या पोटात, जमिनीलगत, हवेचे अदृश्य भोवरे फिरत राहतात. एका क्षणी विमानाला वर उचलणारी हवा दुसऱ्याच क्षणी त्याला खाली दाबते, आणि तिसऱ्या क्षणी त्याच्या कुशीत आडवा तडाखा देते.

हिवाळ्यात हा प्रकार अधिक उग्र होतो, कारण थंडीच्या दिवसांत वारे जोराचे असतात आणि थंड हवा दाट असल्यामुळे तिच्या प्रत्येक फटक्याचे बळही मोठे असते. त्यात विमानाच्या वेगाची भर पडते. एकाच भोवऱ्यातून सावकाश जाणाऱ्या विमानाला जो हेलकावा वाटेल, तोच वेगाने जाणाऱ्याला प्रहार होऊन लागतो. दाट हवा, डोंगरांचे सान्निध्य, मोठा वेग आणि उंच पाते, या चार गोष्टी एकत्र येतील तेव्हा काय होईल, याचा हिशेब १९६३ च्या जानेवारीपर्यंत कोणी पुरता मांडलेला नव्हता.

४

मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टओव्हर या हवाई तळावर ९९ वी बॉम्बफेकी तुकडी ठाण मांडून होती. तिच्या एका विमानाने डोंगराळ मुलखावरून, भूपृष्ठ चुकवीत, शत्रूच्या प्रदेशात शिरण्याचा सराव करावा असे ठरले. सरावासाठी दोन मार्ग योजलेले होते, एक दक्षिणेकडे कॅरोलिना प्रांतांतील डोंगरांवरून आणि दुसरा उत्तरेकडे मेनच्या अरण्यावरून. त्यांपैकी कोणता घ्यावयाचा हे हवामान पाहून ठरवावयाचे होते. लेफ्टनंट कर्नल डॅन बुली हे विमानाचे मुख्य वैमानिक होते. सरावाचे विमान असल्यामुळे नेहमीच्या सहा माणसांऐवजी आज नऊ जण बसले होते.

दुपारी १२ वाजून ११ मिनिटांनी विमानाने वेस्टओव्हर सोडले. पुढचा दीड तास उपकरणे जुळवून घेण्यात आणि दोन्ही मार्गांवरील हवामानाचे ताजे वृत्त मिळविण्यात गेला. वृत्त पाहून उत्तरेचा मार्ग पत्करण्यात आला. अडीचच्या सुमारास मेनमधील प्रिन्स्टन हे ठिकाण ओलांडल्यावर विमान ५०० फुटांपर्यंत खाली उतरले आणि ताशी सुमारे ५२० किलोमीटर वेगाने त्याचा लटका हल्ला सुरू झाला. बाहेर तपमान शून्याखाली २५ अंशांहून कमी होते, जमिनीवर पाच फूट बर्फ साचलेले होते, आणि वाऱ्याचे झोत ताशी ७० किलोमीटरच्या पुढे जात होते. खाली पाइनची अफाट अरण्ये, गोठलेली तळी आणि पांढऱ्याशुभ्र टेकड्या एकामागून एक मागे पडत होत्या.

वीस-बावीस मिनिटे अशी गेली. ब्राउनव्हिल जंक्शन हे गाव मागे पडल्यानंतर विमानाला हवेच्या खळबळीचे धक्के बसू लागले. बुली यांनी योग्य तेच केले. सराव अर्धवट टाकून त्या खळबळीच्या वर निघून जावे म्हणून त्यांनी विमान चढवावयास आरंभ केला. इतक्यात मागील बाजूला स्फोट व्हावा तसा प्रचंड आवाज झाला. शेपटीचे ते उंच पाते मुळापासून तुटून निघून गेले होते. दिशा धरून ठेवणारा आधारच नाहीसा झाल्याबरोबर विमान उजव्या अंगाला ४० अंश कलले आणि त्याचे नाक जमिनीकडे वळले. ते सावरण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे हे ओळखून बुली यांनी विमान सोडण्याचा हुकूम दिला.

बी-५२ च्या अंतर्रचनेचा एक तपशील या ठिकाणी निर्णायक ठरला. विमानाच्या पुढील भागात दोन मजले असतात. वरच्या मजल्यावरील वैमानिक, सहवैमानिक आणि इलेक्ट्रॉनिक युद्धसामग्री सांभाळणारा अधिकारी यांची आसने स्फोटकांच्या जोरावर वरच्या दिशेने बाहेर फेकली जातात. खालच्या मजल्यावरील दोन नॅव्हिगेटरांची आसने मात्र खालच्या दिशेने सुटतात. उंच आकाशात या भेदाने काही बिघडत नाही. पण जमीन काही शे फुटांवर असताना, तेही विमान कललेले असताना, खाली फेकले जाणारे आसन माणसाला थेट मृत्यूच्या हवाली करते. शेपटीत बसणाऱ्या तोफचीला आणि जास्तीच्या माणसांना तर असे आसनच नसते. त्यांनी पॅराशूट बांधून स्वतःच्या पायांनी बाहेर पडावयाचे असते, आणि त्यासाठी लागणारा वेळ येथे कोणापाशीच नव्हता. विमानाची सुटकेची व्यवस्थासुद्धा उंच आकाशाचाच विचार करून आखलेली होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

वरच्या मजल्यावरील तिघेच काय ते बाहेर पडू शकले. दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी विमान एलिफंट पर्वताच्या पश्चिम उतारावर आदळले आणि आत राहिलेले सहाही जण जागच्या जागी मरण पावले.

५

बाहेर पडलेल्या तिघांपैकी सहवैमानिक झाडावर आदळून गतप्राण झाले. बुली यांचे पॅराशूट जमिनीपासून सुमारे ३० फुटांवर एका झाडात अडकले. त्यांच्या घोट्याचे हाड मोडले होते, तथापि जीवरक्षक सामानाची पेटी हाती असल्यामुळे तिच्यातील झोपावयाच्या पिशवीचा आधार घेऊन त्यांना रात्र काढता आली. तिसरे कॅप्टन जेरल्ड अ‍ॅडलर. ते वास्तविक नॅव्हिगेटर होते, परंतु त्या दिवशी वरच्या मजल्यावरील इलेक्ट्रॉनिक सामग्रीच्या आसनावर त्यांची नेमणूक झाली होती, आणि एवढ्याच योगायोगाने ते बाहेर पडू शकले. त्यांचे पॅराशूट मात्र उघडलेच नाही. आसनासकट ते आकाशातून खाली आले आणि साचलेल्या बर्फात आदळले. त्या बर्फानेच त्यांचे प्राण राखले. आघाताने आसन वाकले, त्यांच्या कवटीला भेग गेली, तीन फासळ्या मोडल्या. आसन वाकल्यामुळे त्यातील जीवरक्षक सामान निघेना, तेव्हा न उघडलेल्या त्याच पॅराशूटचे कापड त्यांनी अंगाभोवती गुंडाळून घेतले. त्या रात्री थंडी शून्याखाली ३० अंशांच्या आसपास उतरली होती.

इकडे शोधाची धावपळ सुरू झाली. वायुदलाची पथके, मेनचे पोलीस, राज्याच्या वनखात्याचे व शिकारखात्याचे लोक, नागरी वैमानिकांचे स्वयंसेवक, असे सारे मिळून ऐंशीच्या आसपास माणसे कामाला लागली. डोंगराकडे जाणारा रस्ता म्हणजे लाकूडतोडीसाठी केलेली वाट, आणि तिच्यावर ठिकठिकाणी बर्फाचे उंच ढीग साचलेले. जवळच्या ग्रीनव्हिल गावाहून एका कागद कंपनीने आपली बर्फ उपसणारी यंत्रे रात्रीच पाठविली आणि ती रात्रभर वाट मोकळी करीत राहिली. अखेरचे मैलभर अंतर लोकांनी बर्फावर चालण्याची रुंद पादत्राणे घालून, कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाड्यांतून आणि मोटारीच्या घसरगाड्यांवरून काटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ च्या सुमारास, अपघातानंतर तब्बल वीस तासांनी, बुली आणि अ‍ॅडलर यांना हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आले. हिमदंशाने सडलेला अ‍ॅडलर यांचा एक पाय पुढे कापावा लागला. परंतु ते वाचले, आणि सैनिकी पेशा सुटल्यावर कायद्याचा अभ्यास करून त्यांनी वकिली केली.

ग्रीनव्हिलच्या रहिवाशांनी त्या सात जणांचा विसर पडू दिलेला नाही. अवशेष अजूनही डोंगरावर विखुरलेले आहेत, तेथे मृतांच्या नावांची शिला बसविलेली आहे, आणि दर हिवाळ्यात तेथील मंडळी बर्फावरच्या मोटारगाड्या घेऊन डोंगरावर जातात व मृतांना मानवंदना देतात.

६

चौकशीअंती दोष माणसावर आला नाही. हवेच्या खळबळीने शेपटीच्या पात्यावर त्याच्या शक्तीबाहेरचा ताण आणला आणि ते तुटले, हे कारण स्पष्ट झाले. पण एका अपघातावरून सर्वसामान्य नियम काढणे धाडसाचे असते. तो वारा विलक्षण असेल, ते एकच विमान सदोष असेल, असे म्हणावयास जागा राहते. ही शंका फार दिवस टिकली नाही. अवघ्या सहा दिवसांनी, ३० जानेवारी १९६३ रोजी, न्यू मेक्सिको राज्यातील मोरा या भागात बर्फाच्छादित डोंगरांवरून जाणाऱ्या दुसऱ्या एका बी-५२ चे उभे पाते तशाच खळबळीत तुटले आणि तेही विमान गेले.

आता प्रश्न असा होता की डोंगराळ खळबळीत या विमानावर नेमके किती बल पडते. हे मोजण्यासाठी बोइंगने एका बी-५२ ‘एच’ विमानावर ताण आणि धक्के टिपणारी उपकरणे बसविली व १० जानेवारी १९६४ रोजी चक फिशर या आपल्या चाचणी वैमानिकाच्या हाती ते विमान देऊन, जाणूनबुजून खळबळीची हवा शोधण्यासाठी, रॉकी पर्वताच्या दक्षिण भागात पाठविले. या आवृत्तीची शेपटी आधीच आखूड केलेली होती. तरीही सुमारे १४ हजार फुटांवर त्यांना जो तडाखा बसला त्याने ते पाते जवळजवळ सगळेच्या सगळे उडवून दिले. फिशर यांनी विमान सोडले नाही. बरोबर उडणाऱ्या दुसऱ्या एका विमानातील वैमानिकाने बाहेरून पाहून नुकसानाची कल्पना दिली. विचिटा येथील कारखान्यात अभियंते गोळा झाले आणि रेडिओवरून सल्ला देऊ लागले. पाते गेल्याने हरपलेली स्थिरता थोडीतरी परत मिळावी म्हणून मागची चाके खाली सोडण्यात आली, इंधन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत खेळवून गुरुत्वमध्य हलविण्यात आला, आणि सुमारे सहा तासांनंतर आर्कान्सा राज्यातील ब्लाइथव्हिल तळावर, जेथे वारा अनुकूल होता, ते विमान सुखरूप उतरले. उभ्या पात्यावाचून जमिनीवर परतलेल्या त्या विमानाच्या छायाचित्रांनी सर्व जगातील वैमानिकांना थक्क केले. ते विमान दुरुस्त होऊन पुढे २००८ पर्यंत सेवेत राहिले. पण त्याहून मोलाची होती ती त्याच्या उपकरणांनी टिपलेली नोंद, कारण पात्यावर पडणारे खरे बल आता प्रथमच आकड्यांत हाती आले.

या विजयाला तीनच दिवस झाले होते. १३ जानेवारी १९६४ रोजी, पुन्हा वेस्टओव्हरहूनच निघालेले एक बी-५२ ‘डी’ विमान मेरिलँड राज्यातील सॅव्हेज पर्वतावरून हिमवादळात जात असताना त्याचे उभे पाते तुटले. या खेपेस विमानात दोन अणुशस्त्रे होती. सुदैवाने त्यांचा स्फोट झाला नाही आणि ती अवशेषांत सापडली. परंतु पाच जणांपैकी एक जण विमानातच गेला, आणि दोघे विमानातून बाहेर पडूनही बर्फात गारठून मेले. त्यानंतर बी-५२ च्या शेपटीच्या मुळाला व तिच्या आधारभिंतीला बळकटी देण्याचे काम सर्व विमानांवर करण्यात आले, आणि खालच्या उड्डाणांसाठी त्यांच्या पंखांची व सांगाड्याचीही पुढे वेळोवेळी डागडुजी होत राहिली. ही डागडुजी झाली म्हणूनच १९६२ मध्ये शेवटचा नमुना बाहेर पडलेले हे विमान आजही अमेरिकेच्या वायुदलात चाकरी करीत आहे.

७

वर्षभराच्या मुदतीत एकाच प्रकारे चार पाती तुटली. पहिल्या अपघाताने प्रश्न उपस्थित केला, दुसऱ्याने तो अपवाद नसल्याची ग्वाही दिली, चाचणी उड्डाणाने त्याचे उत्तर दिले, आणि उत्तर हाती आल्यावरही त्याची अंमलबजावणी होईपर्यंत आणखी एक विमान बळी पडले. ज्ञान मिळणे आणि ते यंत्राच्या अंगी उतरणे यांत काळ जातो, आणि तो काळ ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना त्याची किंमत प्राणांनी द्यावी लागते, हे या घटनाक्रमातून दिसते. येथे कोणा एका अधिकाऱ्याला गुन्हेगार ठरविता येत नाही. विमान घडविणाऱ्यांनी दिलेल्या कामाला पुरेल असे विमान घडविले होते. डावपेच बदलणाऱ्यांनी शत्रूचे नवे शस्त्र पाहून डावपेच बदलले होते. उडणाऱ्यांनी आज्ञेप्रमाणे आणि कौशल्याने उड्डाण केले होते. उणीव राहिली ती या तिघांच्या मधल्या जागेत. जुन्या विमानाला नवे काम देताना, पहिल्या कामासाठी केलेला हिशेब दुसऱ्या कामालाही लागू पडेल असे गृहीत धरले गेले.

या गृहीतावर विसंबण्याचा मोह लष्करापुरता नाही. ठराविक भारासाठी बांधलेल्या पुलावरून दुप्पट भाराच्या गाड्या जाऊ लागतात, एका मोसमाच्या पाण्यासाठी आखलेल्या धरणाकडून दुसऱ्या मोसमाचे काम घेतले जाते, आणि जे आजवर टिकले ते पुढेही टिकेल असे आपण मानून चालतो. अभियंता असो, प्रशासक असो वा साधा नागरिक, ज्याच्या हातात जुन्या यंत्राला नवी कामगिरी सोपविण्याचा अधिकार आहे, त्याने ते यंत्र आपण प्रथमच पाहत आहोत असे समजून त्याची परीक्षा घ्यावी, आणि परीक्षा पुरी होईपर्यंत त्याच्यात माणसे बसवू नयेत. एलिफंट पर्वतावर सात माणसांनी प्राण देऊन हा नियम लिहिला आहे. तो पाळणे आपल्या हातात आहे.